डोंगराचे नाव आणि डोंगराचे पोट

एखाद्या वस्तूचे नाव हे तिच्या इतिहासाचे साधन होय, असे भाषेचे अभ्यासक गृहीत धरीत आले आहेत. नांगर, जाते, रहाट यांसारख्या शब्दांच्या बाबतीत हे गृहीत सहसा फसत नाही. परंतु काही वस्तूंचे नाव त्यांच्या अंतरंगाविषयी काहीच सांगत नाही. उलट ते झाकून ठेवते. करमणुकीच्या उद्यानात उभा केलेला कृत्रिम डोंगर आणि त्याच्या अंगाखांद्यावरून रुळांवर सुटणारी गाडी, जिला आपण मराठीत 'रोलर कोस्टर' या उसन्या नावानेच ओळखतो, ही अशा वस्तूंपैकी एक आहे. संशोधनपत्रिकेच्या वाचकांस हा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. पण या गाडीत माणसे बसतात, आणि ती सुखरूप खाली यावीत म्हणून जे काही केलेले असते ते सर्व दृष्टीआड असते. त्याचा मागोवा घेणे अस्थानी ठरू नये.

प्रथम नावांचा विचार करू. फ्रेंचमध्ये या वस्तूस 'मोंतान्य रूस' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'मोंतान्या रूसा'; दोहोंचा अर्थ 'रशियन डोंगर'. आता रशियन भाषेकडे वळावे, तर तेथे तिचे नाव 'अमेरिकान्स्किये गोर्की', म्हणजे 'अमेरिकन टेकड्या'! (यातील 'गोर्की'चे मूळ 'गोरा' म्हणजे पर्वत, आपला 'गिरि' हा त्याचा जवळचा आप्त.) जर्मन लोक 'आख्टरबान' म्हणतात, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा मार्ग. अमेरिकन नावातील 'कोस्ट' या पदाने मराठी वाचकाची फसगत होते; येथे त्याचा किनाऱ्याशी संबंध नसून, बर्फाच्या उतारावरून घसरगाडीने आपोआप खाली येणे असा त्याचा अमेरिकेतील अर्थ आहे. सारांश, कोणी हिला परक्याच्या देशाचे नाव दिले, कोणी आकाराचे, कोणी वेगाचे. एकानेही यंत्राचे नाव दिले नाही.

फ्रेंच नावाला मात्र इतिहासाचा आधार आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी मांडणीवर पाणी ओतून बर्फाचे उतार तयार करीत व त्यांवरून घसरत, ही हिवाळ्यातील करमणूक अठराव्या शतकात भरभराटीस आली होती. दुसऱ्या कॅथरीन राणीने ओरानियेनबाउम येथे अशा घसरडोंगरासाठी बांधून घेतलेला मंडप अद्याप उभा आहे. पॅरिसला तसा हिवाळा नाही. म्हणून १८१७ साली तेथील बेलव्हिल भागात जे 'रशियन डोंगर' उभे राहिले, त्यांत बर्फाची जागा रुळांनी घेतली आणि चाके रुळांच्या खाचेत अडकवून टाकण्यात आली. बर्फ गेला, चाक आले, आणि नाव तेच राहिले. या यंत्राच्या अंतरंगाचा इतिहास त्या अडकवलेल्या चाकापासून सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडील शब्द याच्या अगदी उलट वळणाचा आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण भंडारा जिल्ह्यातील दिघोरीस गेले. झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार किंवा नाटक, दिवसा दुकाने आणि पाळणे. या उभ्या फिरणाऱ्या पाळण्यास शहरात 'आकाशपाळणा' म्हणतात. परंतु मराठीत जुना शब्द 'रहाटपाळणा' आहे, आणि तो यंत्राचे नाव उघडपणे सांगतो. विहिरीवरच्या रहाटाला गाडग्यांऐवजी पाळणे बांधले की झाले. दिघोरीच्या मंडईतील लाकडी पाळण्यास त्या काळी इंजिन नव्हते. दोन माणसे आऱ्यांवर चढून आपल्या अंगाच्या भाराने तो फिरवीत आणि खाली उभा असलेला तिसरा पाळणा धरून तो थांबवी. बसणाऱ्याला फिरविणारा दिसत असे. त्याच्या पायाची पकड सुटली तर काय होईल, हेही दिसत असे. पडद्यामागे असे काही नव्हतेच. यंत्र आणि माणूस दोन्ही डोळ्यांसमोर असल्यामुळे भाषेनेही काही लपविले नाही, असे या शब्दाविषयी वाटते.

आता डोंगराकडे जाऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ साली कोळसा वाहण्यासाठी उताराचा लोहमार्ग बांधण्यात आला. भरलेल्या गाड्या स्वतःच्या वजनानेच खाली येत आणि रिकाम्या गाड्या खेचरे वर ओढून नेत. ती खेचरेही उतरताना गाडीत उभी राहून येत. पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, तेव्हा हा मार्ग केवळ हौशी प्रवाशांसाठी चालू राहिला व १९३३ मध्ये बंद झाला. यावरूनच सुचून ला मार्कस थॉम्पसन याने १८८४ साली न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे आपला 'स्विचबॅक' लोहमार्ग उघडला. त्याचा वेग ताशी सुमारे सहा मैल, म्हणजे बैलगाडी पळविण्याइतका. एका टोकाला गाडी पोहोचली की प्रवाशांनी उतरावे, नोकरांनी ती गाडी ढकलून दुसऱ्या बुरुजावर चढवावी, मग प्रवाशांनी पुन्हा बसावे, असा क्रम होता. म्हणजे येथेही ढकलणारा माणूस अजून दिसतच होता. १८८५ मध्ये फिलिप हिंकल याने यंत्राने गाडी वर खेचण्याची सोय केली. तेव्हापासून तो माणूस दिसेनासा झाला.

चढावर गाडी साखळीने ओढली जात असता साखळी तुटली तर गाडी मागे घसरून अनर्थ ओढवेल. यासाठी गाडीच्या तळाशी एक लोंबती खिटी आणि मार्गावर दात्यांची पट्टी असते. खिटी एकेका दात्यावरून पुढे सरकते, मागे मात्र येऊ शकत नाही. जॉन मिलर याने १९१० साली अशा योजनेचे एकस्व घेतले. या खिटीस इंग्रजी कारागिरांच्या बोलीत 'डॉग', म्हणजे कुत्रा, म्हणतात. आणि रहाट उलटा फिरू नये म्हणून पंजाबात जी खिटी लावीत, तिलाही तेथील शेतकरी 'कुत्ता'च म्हणत! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच कामाला एकच प्राणी नेमावा, हा योगायोग भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगा आहे. गाडी वर चढताना जी टकटक ऐकू येते आणि जिने बसणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते, ती या कुत्र्याची होय. ज्या आवाजाची भीती वाटते तो आवाज राखणीचा असतो. याच मिलरने पुढे रुळाच्या खालच्या बाजूने धरणारे चाक आणले, त्यामुळे गाडी रुळावरून वर उसळू शकत नाही. आज वरचे, बाजूचे आणि खालचे अशा तिन्ही चाकांनी रूळ कवटाळलेला असतो.

ढकलणारा गेला, तरी ब्रेक लावणारा पुष्कळ काळ गाडीवर टिकला. कोपनहेगनच्या तिव्होली उद्यानात १९१४ मध्ये सुरू झालेली 'रुत्शेबानेन' ही डोंगराचे सोंग घेतलेली लाकडी गाडी. तिला तेथील लोक 'ब्येर्गबानेन', म्हणजे डोंगरमार्ग, असेही म्हणतात. तिच्यावर ब्रेकवाला अजून प्रवाशांबरोबर बसतो आणि हाताने वेग आवरतो.

आता खऱ्या डोंगराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या सह्याद्रीची आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटातील चढ १८६३ साली खुला झाला. पंधरा मैलांहून थोड्या अधिक लांबीत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि कोठे कोठे ३७ फुटांस एक फूट असा उतार. मुख्य अभियंता जेम्स बर्कली मार्ग पूर्ण होण्यापूर्वीच १८६२ मध्ये वारला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम व्यवस्थापकांकरवी पुरे करून घेतले. मजुरांची संख्या एका वेळी चाळीस हजारांच्या वर गेली होती. पटकीने किती मेले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. घाटात खंडाळ्याजवळ गाडी एका आंधळ्या टोकाशी जाई, इंजिन दुसऱ्या बाजूस लागे, आणि गाडी उलट दिशेने पुढील चढ चढे. हे स्थानक १९२९ पर्यंत वापरात होते. मॉक चंकच्या 'स्विचबॅक' या नावात जी नागमोडी पालट अभिप्रेत आहे, तीच ही.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने घाटातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. उतरणाऱ्या मार्गापासून मधून मधून एक फाटा निघून डोंगराच्या चढावर जाई व तेथेच संपे. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावून ठेवलेला असे. खाली येणारी गाडी पूर्णपणे ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच सांधेवाल्याने तो मुख्य मार्गाकडे वळवावयाचा. बेफाम सुटलेली गाडी आपोआप फाट्यावर चढे आणि तिचा वेग तेथेच जिरे. म्हणजे मार्ग बंद असणे ही मूळ अवस्था. तो उघडणे हा अपवाद, आणि त्यासाठी दर खेपेस कोणीतरी परवानगी द्यावयाची. झोपलेला, आजारी पडलेला किंवा घाबरलेला सांधेवाला काहीच करू शकला नाही, तरी गाडी वाचावी असा हा हिशेब आहे. उद्यानातल्या डोंगराचे पोट उघडून पाहिले की हाच हिशेब पुन्हा भेटतो.

ते उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँडचा 'मॅटरहॉर्न', सुरुवात १४ जून १९५९. मूळ मॅटरहॉर्न स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर. जर्मन बोलणारे त्याला मॅटरहॉर्न, इटालियन 'चेर्विनो' आणि फ्रेंच 'सेर्व्हँ' म्हणतात. १८६५ साली एडवर्ड व्हिंपर व त्याचे साथी प्रथम त्याच्या माथ्यावर पोहोचले, आणि सातांपैकी चार जण उतरताना मेले. उतरणेच अवघड, हे खऱ्या डोंगरानेही शिकविले होते. नकली डोंगर १४७ फुटांचा, मुळाच्या शंभराव्या हिश्श्याचा. आत पोलादी तुळयांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर सिमेंटचा गिलावा, आणि वर रंगाचा बर्फ. उतारावर लावलेली झाडे वर वर लहान होत जातात, म्हणजे खालून पाहणाऱ्यास उंची अधिक वाटते. रूळ पोकळ पोलादी नळ्यांचे. कार्ल बेकन आणि एड मॉर्गन यांच्या अ‍ॅरो कंपनीने बनविलेला हा या जातीचा पहिलाच मार्ग होय. नळी हवी तशी वाकविता येते, म्हणून लाकडी मार्गास न जमणारी वळणे डोंगराच्या पोटात बसली. एकमेकांभोवती गुंफलेले असे दोन मार्ग आहेत. सांगाड्याच्या वरच्या भागात नोकरांच्या विरंगुळ्यासाठी बास्केटबॉलची एक कडी लावलेली आहे. उंचीच्या नियमातून सुटण्यासाठी ती लावावी लागली, ही लोकप्रिय कथा मात्र निराधार आहे.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. सुरुवातीच्या एकोणीस वर्षांत हे पोट फारसे झाकलेलेच नव्हते. तारेवरून जाणारे पाळणे या डोंगरातून आरपार जात आणि त्यांतील प्रवाशांस आतला सांगाडा दिसे. १९७८ मध्ये आत बर्फाच्या गुहा व एक हिममानव बसविण्यात आला आणि सांगाडा झाकला गेला. तारेवरचे पाळणेही १९९४ मध्ये बंद झाले. लपविण्याची कला अशी टप्प्याटप्प्याने वाढली आहे.

एका मार्गावर एकाच वेळी अनेक गाड्या सोडावयाच्या, तर त्या एकमेकींवर आदळता कामा नयेत. यासाठी सगळ्या मार्गाचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ब्रेक, आणि पुढचा तुकडा रिकामा झाल्याखेरीज मागच्या गाडीस तेथे प्रवेश नाही. आजच्या अशा पुष्कळ यंत्रांत ब्रेक स्प्रिंगने मिटलेलाच असतो आणि हवेच्या दाबाने तो उघडावा लागतो. वीज गेली, हवा गळली, तर तो आपोआप मिटतो. बोरघाटातील सांध्याचा नियम येथे माणसावाचून चालतो. मॅटरहॉर्नच्या शेवटी गाडी पाण्याच्या डबक्यात शिरते. पाहणाऱ्यास ती गंमत वाटते, पण पाणी वेगही खाते.

तरीही १९६४ मध्ये एक आणि १९८४ मध्ये एक, असे दोन प्रवासी या डोंगरावर चालत्या गाडीतून बाहेर पडून मृत्यू पावले. तुकड्यांची ही सारी व्यवस्था गाड्यांचा हिशेब ठेवते; गाडीत किती माणसे उरली, हे तिला कळत नाही. ते पाहण्याचे काम चढविणाऱ्या आणि उतरविणाऱ्या नोकराकडेच राहिले. यंत्राने ढकलणारा घालविला, ब्रेकवाला घालविला. पट्टा ओढून पाहणारा हात मात्र त्याला घालविता आला नाही.

महाराष्ट्रात गोराई येथील एस्सेल वर्ल्ड हे उद्यान १९८९ साली सुरू झाले व २०२२ मध्ये बंद पडले. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात 'नायट्रो' नावाची गाडी आहे. उंची सुमारे चाळीस मीटर, बसणाऱ्याच्या पायांखाली तळच नाही, आणि घडण स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार्ड यांची. ती जेथे उभी आहे तेथून सह्याद्रीची भिंत समोर दिसते, आणि त्याच भिंतीत बर्कलीचा घाट आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस डोंगरावाचून डोंगराची भीती, आणि दोन्हीकडे थांबविण्याची युक्ती एकच.

'सांधेवाला' हा शब्द मराठीने स्वतः घडविला, कारण तो माणूस रुळाच्या कडेला उभा असलेला दिसे. मिटलेल्या ब्रेकला आपल्या भाषेत अद्याप शब्द नाही. दिघोरीच्या मंडईत आता लोखंडी पाळणा येतो, त्याला डिझेलचे इंजिन असते आणि आऱ्यांवर कोणी चढत नाही. गेल्या खेपेस इंजिनाजवळ बसलेल्या पोरास लेखकाने विचारले, "हा फिरवतो कोण?" त्याने इंजिनाकडे बोट दाखविले. "अन् थांबवते कोण?" यावर तो म्हणाला, "मीच थांबवतो जी," आणि पायाखालची लाकडी दांडी दाबून दाखविली.