घरी कुत्र्याला आंघोळ घालताना, नखं कापताना ओरखडा आला तर काय करावं?

रविवारी कुत्र्याची आंघोळ आणि सोमवारी सकाळी दवाखाना, असे पेशंट मला शिरोली एमआयडीसीत अधूनमधून भेटतात. कारखान्याच्या शेडवर राखणीला ठेवलेला कुत्रा असो की घरातला लॅब्रॅडॉर, गोष्ट तीच असते. नखं कापताना त्याने पाय ओढला, मनगटावर ओरखडा उठला, वर हळद दाबली. आणि मग म्हणणं, "डॉक्टर, आपलाच कुत्रा आहे, काय होतंय?"

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो. कुत्रा पंजे चाटतो, त्यामुळे नखाच्या ओरखड्यातूनही धोका संभवतो. एकदा लक्षणं सुरू झाली की या आजारावर खात्रीचा उपचार नाही. 2025 मध्ये उत्तर प्रदेशातला एक तरुण कबड्डीपटू दगावला. गटारातून वाचवलेलं पिल्लू त्याच्या बोटाला चावलं होतं. किरकोळ जखम समजून त्याने लस घेतली नव्हती.

ओरखडा आला की आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण आपली पंधरा मिनिटं बहुधा दोन मिनिटांत संपतात. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट काही नको. पट्टीही बांधू नका.

रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर लस लागते. रक्त आलं असेल, दात रुतला असेल किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटलं असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. लस त्वचेत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दंडाच्या स्नायूत दिली तर त्यात 14 वा दिवसही येतो. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर बहुधा दोनच डोस पुरतात. म्हणून जुना कागद जपून ठेवा. शिरोलीकरांना जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे कोल्हापुरातलं सीपीआर.

कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. पण तोवर वाट बघत बसू नका.

नखं कापताना एकाने कुत्र्याला धरावं, दुसऱ्याने कापावं. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून टोकाचा अगदी थोडा भागच काढा. ती कापली गेली की दुखतं आणि शांत कुत्राही चावतो. गुंता झालेले केस आंघोळीआधी विंचरा, ओले ओढू नका. सहा-सात वर्षांच्या पोराला हे काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं.

गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, हात धुवा. नंतर दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आलं तर गोचीड काढल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोचिडीच्या तापावर गोळ्या आहेत, पण वेळेत सुरू कराव्या लागतात.

गोचिडीच्या काही औषधांत अमिट्राझ असतं. हातमोजे घालून, उघड्यावर वापरा. ते पोटात गेलं तर गुंगी येते, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. अशा वेळी उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. आणि हे औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.