ट्रोलधाड

मराठी वर्तमानपत्रांनी ‘ट्रोलधाड’ हा शब्द रुळवला तो टोळधाडीच्या चालीवर. झकास जमलाय. मूळ ‘ट्रोल’ मात्र धाडीचा नव्हे, गळाचा. चालत्या होडीमागे आमिष लावलेला दोर सोडून मासे धरायचे, त्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९०च्या दशकात युजनेट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर जुनी मंडळी मुद्दाम बावळट प्रश्न टाकत आणि कोण नवखा गळाला लागतो ते पाहत. स्कँडिनेव्हियन लोककथांतला ट्रोल नावाचा राक्षसही या अर्थाला येऊन चिकटला.

आता या शब्दात आपण वाटेल ते कोंबतो. नेत्याच्या भाषणाची खिल्ली उडवणं वेगळं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या मुलाच्या जांभई देतानाच्या फोटोचं स्टिकर करायचं आणि तो काहीही लिहो, उत्तरादाखल तेच डकवत राहायचं, हे वेगळं. मग त्याला वगळून दुसरा ग्रुप निघतो, त्याच्या नावाचं खोटं अकाउंट उघडतं, कुणी घरचा पत्ता नि नंबर चव्हाट्यावर मांडतं. (वर ‘गंमत केली’ आहेच.) याला ट्रोलिंग म्हणणं फारच सौम्य. आपल्याकडे ‘छळ’ आहे की! संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. जाच हा अर्थ मराठीत ठसला. खोट्या अकाउंटला दोन्ही लागू पडतात.