जुन्या हार्ड डिस्कवरील मराठी दस्तावेज नव्या डिस्कवर नेताना

केंदूर (ता. शिरूर) - ग्रामीण भागातील शाळा, पतसंस्था, दूध संस्था आणि फोटो स्टुडिओंमध्ये दोन दशकांपूर्वी संगणकावर कामकाज सुरू झाले. केंदूरलगतच्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात तर २००२ मध्येच अमेरिकेतील 'एमआयटी'च्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली होती. त्या काळातील संगणक आता कालबाह्य झाले असले, तरी सभांची इतिवृत्ते, हिशेब, दाखल्यांचे मसुदे आणि लग्नसमारंभांची छायाचित्रे अनेकदा त्यांच्या हार्ड डिस्कवरच पडून असतात. फाइल नव्या डिस्कवर उतरवणे फारसे अवघड नाही. मात्र, उतरवलेला मराठी मजकूर पुढे वाचता येईल, याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

जोडणी
जुनी डिस्क 'आयडीई' प्रकारची, म्हणजे ४० पिनांच्या रुंद पट्टीची असेल किंवा २००३ च्या सुमारास आलेल्या 'साटा' प्रकारची. दोन्हींना चालणारे यूएसबी अॅडॉप्टर मिळतात. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीच्या विजेवरच चालते. डिस्क जोडल्यावर 'फॉरमॅट करायची का' अशी विचारणा झाल्यास नकारच द्यावा. वीज खंडित होण्याची शक्यता असल्यास यूपीएसशिवाय काम सुरू करू नये.

काय शोधावे
विंडोज एक्सपीमध्ये वापरकर्त्याच्या फाइल 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये, तर व्हिस्टापासून पुढे 'यूझर्स'मध्ये असतात. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलही तेथेच सापडतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहिती बहुधा त्याच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असते. ती अनेकदा विसरली जाते. फोल्डर उघडण्यास परवानगी नाकारली गेली, तर फाइल बिघडल्या असे समजू नये. नव्या संगणकावर प्रशासक म्हणून त्या फोल्डरची मालकी घेता येते.

उतरवताना
'कट' न करता नेहमी 'कॉपी' करावी. मध्येच अडथळा आला, तरी मूळ प्रत शाबूत राहते. नवी डिस्क 'फॅट ३२' पद्धतीची असल्यास ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर मावत नाही; लग्नाच्या चित्रफितींबाबत ही अडचण हमखास येते. अशा वेळी 'एनटीएफएस' पद्धत निवडावी. 'यूएसबी २.०' जोडणीवर १०० जीबी माहितीस साधारण तासभर लागतो; लहान फाइलींची संख्या मोठी असल्यास त्याहून अधिक. शेवटी दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा आणि प्रत्येक फोल्डरमधील काही फाइल उघडून पाहाव्यात.

फॉन्टची अडचण
युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, पुण्याच्या 'सी-डॅक'चे आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरे व चिन्हांच्या जागी बसवलेले असत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर संपूर्ण इतिवृत्त निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसते. फाइल शाबूत असते. गरज असते ती फॉन्टची. म्हणून जुन्या डिस्कवरील 'विंडोज'मधील 'फॉन्ट्स' हे फोल्डरही आवर्जून उतरवावे. फॉन्ट बसवल्यावर मजकूर वाचता आला, की त्याची पीडीएफ प्रत करावी आणि महत्त्वाचे दस्तावेज परिवर्तकाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणावेत. त्यानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षरे व आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. परिवर्तनात तेथेच अधिक चुका होतात. पेजमेकरमधील फाइल नव्या संगणकावर उघडेलच, असे नाही. त्यांची पीडीएफ जुना संगणक सुरू असतानाच करून ठेवावी.

डिस्क आवाज करीत असल्यास
'टक्-टक्' असा आवाज येत असेल, तर डिस्क तत्काळ बंद करावी. ती पुन्हा पुन्हा सुरू केल्याने आतील चकतीचे नुकसान वाढू शकते. डिस्क घरी उघडू नये. माहिती अमूल्य असल्यास तज्ज्ञांकडेच सोपवावी. आवाज नसेल, पण वेग मंदावला असेल, तर सर्वांत महत्त्वाच्या फाइल प्रथम उतरवाव्यात.

जुन्या डिस्कचे काय?
नव्या डिस्कवरील प्रत तपासून होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. नवी डिस्कही एक दिवस बिघडणारच. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा संकेत पाळावा. डिस्क भंगारात देण्यापूर्वी मात्र ती पूर्ण पुसावी. झटपट फॉरमॅटने केवळ फाइलींची सूची जाते, मजकूर परत मिळवता येतो. व्हिस्टा व त्यानंतरच्या विंडोजमधील पूर्ण फॉरमॅट डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहितो. सभासदांची खाती किंवा विद्यार्थ्यांचे दाखले ज्या डिस्कवर होते, तिच्याबाबत एवढी दक्षता अत्यावश्यक आहे.