संयोजक शब्द, इंग्रजीतील

दोन शब्द, उपवाक्ये किंवा वाक्ये जोडून त्यांतील अर्थसंबंध दाखवणारे शब्द. हॅलिडे आणि हसन यांनी १९७६ च्या ‘कोहीजन इन इंग्लिश’ या ग्रंथात असे संबंध भर घालणारे, विरोधदर्शक, कारणदर्शक व कालदर्शक अशा चार गटांत मांडले.

अर्थाइतकीच शब्दाची व्याकरणिक जात महत्त्वाची असते. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय असून ते दोन वाक्ये थेट जोडते. ‘हाउएव्हर’ त्याच अर्थाचे क्रियाविशेषण असल्याने त्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो, नुसता स्वल्पविराम चालत नाही. ‘ऑल्दो’पुढे कर्ता-क्रियापदासह उपवाक्य येते, ‘डिस्पाइट’पुढे नाम किंवा ‘-इंग’ रूप. म्हणून ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ ही रचना चूक ठरते.

मराठीत ‘जरी–तरी’ ही जोडी स्वाभाविक आहे. तिच्या प्रभावाने मराठी भाषक ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ही लिहितात. प्रमाण इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरे. १६११ च्या बायबलमध्ये मात्र ‘दो–येट’ अशी जोडी आढळते, त्यामुळे तिला सरसकट अशुद्ध म्हणणे योग्य नव्हे.

‘ऑन द अदर हँड’ दुसरी बाजू मांडते, तर ‘ऑन द कॉन्ट्ररी’ आधीचे विधान खोडून काढते. या दोहोंची अदलाबदल ही सर्वांत घातक चूक होय, कारण वाक्य शुद्ध दिसते आणि अर्थ बिघडतो. प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘मोरओव्हर’ किंवा ‘फर्दरमोर’ घालणेही टाळावे. संबंध उघड असेल तेथे संयोजकाची गरज नसते.