देशावर, कोकणात आणि युक्रेनमध्ये

मंडळी, आज थोडं रशियन व्याकरण. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही!

ऑगस्ट 1971 मध्ये भारत-सोव्हिएत करार झाला. त्या काळात स्वस्त सोव्हिएत पुस्तकं आमच्या सोलापूरपर्यंतही पोचत. त्यातलंच एक, इंग्रजीतून रशियन शिकवणारं, मी घेतलं होतं. गाडी अडायची ती 'व' आणि 'ना' या दोन इवल्याशा शब्दांपाशी. 'व' म्हणजे आत, 'ना' म्हणजे वर. इथवर सोपं. पण शाळेला 'व' आणि स्टेशनला, पोस्टाला 'ना'. खोलीला 'व' आणि स्वयंपाकघराला मात्र 'ना'! इंग्रजीच्या चष्म्यातून याचा उलगडा होईना.

मराठीतून पाहिलं तर बरंच ओळखीचं निघालं. आपण शाळेत जातो, पण स्टेशनवर जातो आणि कामावर जातो. रशियन माणूसही कामाला 'ना'च लावतो. परततानाही तसंच. आपण शाळेतून येतो, स्टेशनवरून येतो, मामाकडून येतो. रशियनमध्ये 'व'ची परतीची जोडी 'इझ', 'ना'ची 'स', आणि माणसाकडून आलं तर 'अत'. इंग्रजी या तिन्हींची बोळवण एका 'फ्रॉम'वर करते. अर्थात सगळंच जुळत नाही. आपण बाजारात जातो, रशियन 'ना' लावून जातो.

प्रदेशांच्या नावांत तर इतिहासच दडलेला असतो. रशियनमध्ये क्रिमियाला 'व', कॉकेशसला आणि उरलला 'ना'. यात तर्क शोधू नये. आपण तरी कोकणात म्हणतो, पण देशावर आणि घाटावर म्हणतो ना? वाडवडील म्हणत आले, म्हणून आपण म्हणतो.

पण कधीकधी एवढ्याशा शब्दावरून मनं दुखावतात. रशियनमध्ये युक्रेनला पूर्वापार 'ना' लागत आलं. 1991 साली युक्रेन स्वतंत्र झाला. भारताला 'व', फ्रान्सला 'व', मग आम्हालाच प्रांतासारखं 'ना' का, असं तिथल्या लोकांना वाटू लागलं. 1993 साली त्यांच्या सरकारने 'व' वापरावा अशी मागणी केली. रशियात मात्र 'ना'च चालू राहिलं.

आता गंमत पाहा. क्यूबा स्वतंत्र देश आहे, तरी बेट म्हणून त्याला 'ना'च लागतं. जुन्या 'रूस'भूमीलाही रशियन लोक 'ना' लावतात, अगदी आपल्या 'देशावर'सारखं. खुद्द युक्रेनचा महाकवी तारास शेवचेन्को याच्या 1845 च्या 'झापोवित' कवितेत 'ना'च आहे. म्हणजे 'ना' मुळात अपमानाचा नव्हे.

मग लिहायचं काय? जुन्या वहिवाटीचा दाखला खरा, पण माझं मत 'व'च्या बाजूने आहे. शेवचेन्कोच्या वेळी त्या शब्दामागे जे नव्हतं, ते आज आहे. 2022 च्या युद्धात युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही मुलं होती. ज्या देशाचं अस्तित्वच पणाला लागलं आहे, त्याला हा एका अक्षराचा शब्द एवढासा वाटत नसणार. शाळेत हजेरी घेताना मूल आपलं नाव जसं सांगेल तसंच आपण पुकारतो. तिथे व्युत्पत्ती काढत बसत नाही.

असो. आम्ही देशावरचे लोक. आमच्या 'वर'ला कोणी हरकत घेतलेली नाही, तोवर तो राहू द्या!