अजिंठा : भित्तिचित्रे व तिकडची वाट
छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोडमार्गे सुमारे 100 किमीवर अजिंठ्याची लेणी आहेत. अजिंठा गाव मागे पडले की घाट उतरून रस्ता फर्दापूरकडे येतो. खासगी गाड्या तिथेच थांबतात. पुढचे सुमारे 4 किमी बसने.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ही लेणी कोरली आहेत. क्रमांक 9 व 10 मधली चित्रे सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीची. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मात्र वाकाटककालीन, पाचव्या शतकातला. तूस मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर रंग भरले. निळा लाजवर्द तर दूरदेशीचा. फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच.

दहाव्या लेण्यातल्या खांबावर ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन स्मिथने 1819 मध्ये कोरलेले स्वतःचे नाव आज डोक्याच्या बरेच वर दिसते, कारण तेव्हा लेणे गाळाने भरले होते! सोमवारी लेणी बंद असतात.