लक्षणावरून दोषाकडे: खानदेशातील टीव्ही दुरुस्तीचा व्यवसाय

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यातही त्याचे कार्यक्रम दिसू लागले. जळगाव आणि धुळे या खानदेशी जिल्ह्यांना मात्र त्यानंतर जवळजवळ एक तप वाट पाहावी लागली. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात, त्यामुळे सह्याद्रीपलीकडच्या मुंबईहून निघालेले प्रक्षेपण तापीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक, म्हणजे उपग्रहाकडून आलेला कार्यक्रम शंभर वॅट शक्तीने परिसरात पसरवणारी छोटी केंद्रे, झपाट्याने उभारली गेली, तेव्हा ही अडचण दूर झाली. या विस्तारातूनच खानदेशच्या शहरांत टीव्ही आला आणि त्याच्यामागोमाग तो दुरुस्त करणारा कारागीरही उभा राहिला.

हा कारागीर बहुधा रेडिओच्या दुकानातून आला. आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ पासून चालू होते आणि रेडिओ दुरुस्तीचे कसब बाजारपेठेत रुजलेले होते. त्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘रेडिओ व टीव्ही मेकॅनिक’ या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या तरुणांची भर पडली. टीव्ही येथे उशिरा आल्यामुळे मुंबई-पुण्याच्या कारागिरांना निर्वातनळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, संचांवर जी उमेदवारी करावी लागली होती, ती खानदेशात फारशी करावी लागली नाही. येथील बहुतेकांचे शिक्षण ट्रान्झिस्टर आणि आयसी बसवलेल्या कृष्णधवल संचांवरच झाले. डायनोरा, क्राउन, वेस्टन, अपट्रॉन, टेक्स्ला अशा नाना कंपन्यांचे संच त्या काळी बाजारात होते आणि प्रत्येकाची मांडणी थोडीथोडी वेगळी असे. या विविधतेमुळेच एखाद्या संचाची पाठांतराने केलेली दुरुस्ती पुरेशी पडत नसे आणि संचाचे तत्त्व समजून घेणे भाग पडे.

ते तत्त्व असे होते. चित्रनळीच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या, मानेतून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरील फॉस्फरच्या लेपावर आदळून प्रकाश निर्माण करतो. भारतीय प्रमाणानुसार हा झोत एका चित्रासाठी ६२५ रेषा आखतो आणि सेकंदाला अशी २५ चित्रे उमटवतो, म्हणजेच सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे धावतो. झोताला आडवा फिरवणारा विभाग कारागिरांच्या बोलीत ‘लाइन’ आणि उभा फिरवणारा विभाग ‘फ्रेम’ म्हणून ओळखला जाई. चित्रनळीला लागणारा कित्येक हजार व्होल्टचा दाब, ज्याला ‘ईएचटी’ म्हणत, तोही लाइन विभागातील रोहित्रातूनच तयार होत असे, आणि दोषनिदानाची अर्धी किल्ली या एका जोडणीत होती.

म्हणूनच संचाचे मागचे झाकण उघडण्यापूर्वी चांगला कारागीर पडदा पाहत असे आणि आवाज ऐकत असे. आवाज येतो पण पडदा पूर्ण काळा आहे, असे दिसले की वीजपुरवठा बहुतांशी ठीक असून लाइन विभाग किंवा ईएचटी गेली आहे, असा पहिला तर्क निघे. पडद्याच्या मध्यभागी केवळ एक तेजस्वी आडवी रेषा उरली असेल, तर झोत आडवा फिरतो आहे पण उभा फिरत नाही, म्हणजे दोष फ्रेममध्ये आहे, हे उघड होई. शिवाय ती रेषा एकाच जागी राहून फॉस्फर जाळते, म्हणून ब्राइटनेस तत्काळ कमी केला जाई. चित्र वरखाली सरकत राहणे किंवा तिरप्या पट्ट्यांत फाटणे, हा चित्राला जागेवर धरून ठेवणाऱ्या समकालन स्पंदांचा किंवा ‘होल्ड’च्या जुळणीचा प्रश्न असे. ब्राइटनेस वाढवताच चित्र फुगून अंधुक होत असेल तर ईएचटी दुर्बळ झाल्याचा संशय येई, आणि संच तापल्यावर बऱ्याच वेळाने चित्र उजळत असेल तर चित्रनळीचे इलेक्ट्रॉन-उत्सर्जन घटले आहे, असे मानले जाई. अशा नळीच्या तापकतंतूला किंचित अधिक व्होल्टेज देऊन तिचे आयुष्य काही काळ लांबवले जाई, कारण नवी नळी हा संपूर्ण संचातील सर्वांत महाग भाग होता.

निदानाची ही रीत सर्वत्र सारखी असली, तरी खानदेशच्या हवेने आणि विजेने येथील दोषांना स्वतःचे वळण दिले. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि बंद लाकडी पेटीतील तापमान त्याहूनही वाढते. अशा उष्णतेत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव सुकतो, त्याची धारणक्षमता घटते आणि चित्राच्या कडा वाकड्या होणे, पडद्यावर काळसर पट्टा सरकणे यांसारखी लक्षणे दिसू लागतात. दिवसाचे तापणे आणि रात्रीचे निवणे यांमुळे रोहित्रासारख्या जड भागांच्या पायांशी डाख सुटतो. ‘ड्राय सोल्डर’ म्हणून ओळखला जाणारा हा दोष संच थोपटल्यावर येतो-जातो, आणि भिंगातून एकेक सांधा तपासल्याखेरीज सापडत नाही. उच्च दाबाकडे धूळ ओढली जाते. उन्हाळ्यात साचलेली ही धूळ पावसाळ्याच्या पहिल्या दमट हवेत ओलावा धरी, ईएचटीच्या तारेभोवती ठिणग्या उडू लागत आणि त्यामुळे जूनमध्ये दुकानांतील कामाचे स्वरूपच बदले. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यासारख्या भागांत विहिरींवरील पंप चालू झाले की व्होल्टेज घसरे आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसे. तेथे दोष संचात शोधण्यापूर्वी भिंतीवरील सॉकेट मोजणे आणि स्टॅबिलायझर सुचवणे, हाच खरा उपाय होता. लघुशक्ती प्रक्षेपकाचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरच्या आसपास असल्याने त्या कडेवरच्या गावांत उंच पाइपावरील ॲंटेना आणि बूस्टर हेही दुरुस्तीचेच अंग बनले.

या कामाची साधने मोजकी होती: काट्याचा मल्टीमीटर, डाखणी, ट्यूनरचे संपर्क धुण्यासाठी सीटीसी नावाने मिळणारे कार्बन टेट्राक्लोराइड आणि ‘सिरीज लॅम्प’. यातील शेवटचे साधन विशेष महत्त्वाचे होते, कारण संचाच्या वाटेत शंभर वॅटचा दिवा जोडला की आत शॉर्ट असल्यास सारा भार दिवा उचलतो, प्रखर पेटून दोष सांगतो आणि नवा बसवलेला महाग ट्रान्झिस्टर वाचतो. संच बंद केल्यानंतरही चित्रनळी विद्युतभार धरून ठेवते, म्हणून हात घालण्यापूर्वी तो भार उतरवणे हा उमेदवाराला शिकवला जाणारा पहिला नियम होता. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी ‘रामायण’ लागत असे, तेव्हा बंद पडलेला संच शनिवारपर्यंत चालू करून देण्यास केवढे सामाजिक मोल होते, याची कल्पना करता येते.

पुढे रंगीत संच, केबल आणि व्होल्टेजच्या रुंद पट्ट्यात चालणारे स्विचिंग वीजपुरवठे आले, तरी निदानाची तर्करीत टिकली. ती मोडली सपाट पडद्यांनी. त्यांतील पॅनेल बिघडले की त्याची किंमत नव्या संचाजवळ जाते आणि मंडळावरील, म्हणजे सर्किट बोर्डवरील, सूक्ष्म भागांऐवजी संपूर्ण मंडळच बदलले जाते. जुने संच भंगारात गेले. त्यांच्या काचेत शिसे असल्याने त्यांची विल्हेवाटही जोखमीची ठरली, आणि ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ मध्ये लागू होईपर्यंत तिला स्वतंत्र कायदेशीर चौकटही नव्हती.

या व्यवसायाची नोंद औद्योगिक इतिहासात क्वचितच होते, कारण त्याने नवी वस्तू निर्माण केली नाही. परंतु महागडी वस्तू पंधरा-वीस वर्षे वापरात ठेवणे हेही उत्पादनच आहे, आणि लक्षण पाहणे, विभाग ठरवणे, मोजून खात्री करणे व मगच हात लावणे ही शिस्त कोणत्याही प्रयोगशाळेतील पद्धतीइतकीच शास्त्रीय आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्या हक्काला अर्थ यायचा असेल, तर सुटे भाग आणि मंडलाकृती (सर्किटचे आराखडे) यांच्या जोडीला दोष ओळखणारी माणसेही लागतील. धुळे-जळगावच्या बाजारपेठांत ती विद्या जाणणारी पिढी अजून हयात आहे, आणि तिची पद्धत तिच्याच शब्दांत लिहून घेणे हे स्थानिक इतिहासकारांचे तातडीचे काम आहे.